शनिवारची झुंबरबाई

रावेर
१३ जुलै १९९७

बेबा,

पाकिटाच्या मागचं नाव वाचून तू हे पत्र न फोडताच फळीवर ठेवून देशील, असं मला वाटतं. ठेव. फाडू मात्र नकोस. सवड होईल तेव्हा वाच.

मागच्या रविवारी धुळ्याला गेले होते. आपल्या पितांबरने देवपुरात दवाखाना थाटलाय, त्याची पूजा होती. तोच पितांबर, खिशात शेंगदाणे नि गूळ घेऊन वर्गात बसणारा. आता पोट सुटलंय त्याचं, पण खिसा अजून तसाच फुगलेला असतो. परत निघाले तर बस स्टँडवर शिरपूरच्या फलाटाशी एक म्हातारे गृहस्थ पोत्यावर बसलेले दिसले. मी ओळखलं नाही. त्यांनीच ओळखलं.

"बेबानी मैतरीन शे ना तू? रावेरनी?"

लोटन आबा, तुझेच वडील. तुमच्या घरी आम्ही तिघी आलो होतो, तुझ्या आईने खापरावरचे मांडे केले होते आणि मी इतके खाल्ले की दुसऱ्या दिवशी आबाच मला ओव्याचं पाणी देत होते. त्यांना ते सगळं आठवत होतं. मी विचारलं, बेबा कशी आहे. ते म्हणाले, "घर शे. पोरले सांभाळस." मला वाटलं तुझं लग्न झालं, तुला मूल आहे. मी तसं म्हटलं. तेव्हा आबांनी सांगितलं की पोर वनाची, तुझ्या भावाची. तू कॉलेज सोडलंस त्या वर्षीच्या दिवाळीत तुझी वहिनी बाळंतपणात गेली. मुलगी जगली. आणि तिला वाढवायला तू शिक्षण सोडलंस.

बेबा, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी तुझ्या गावाच्या पत्त्यावर दोनदा पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. मेडिकल कॉलेजात तर एकच गोष्ट पसरली, की बेबा तालमीच्या डमीला घाबरून पळाली. परीक्षेच्या तोंडावर कुणी ना कुणी तशी पळतेच, असं म्हणून सगळे आपापल्या पुस्तकाला लागले. मला ते पटलं नव्हतं. पण दुसरं काही सांगायलाही माझ्याकडे नव्हतं.

आपल्यात त्या डमीला सगळ्यांत कमी घाबरणारी तूच होतीस. अभिमन सरांनी पुण्या-मुंबईकडे कुठे तरी रबराचा माणूस पाहिला होता, त्यावर इमर्जन्सीची तालीम करतात म्हणे. आपल्या कॉलेजला तो कुठून मिळणार? मग सरांनी पाचकंदीलजवळच्या शिंप्याकडून खादीचं आख्खं बाईमाणूस शिवून घेतलं, आत सरकी काढलेला कापूस भरला, पोटात फुटबॉलचा ब्लॅडर घातला आणि त्याची नळी पलंगाखालून आपल्या खुर्चीपर्यंत नेली. सायकलचा पंप सरांच्या पायाशी. आपण चुकलो की ब्लॅडर ढिला, बरोबर बोललो की पंप मारून घट्ट. सलाइनच्या बाटलीत लाल पाणी. दर शनिवारी दुपारी जुन्या वॉर्डात चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याची चिठ्ठी येईल त्याने सगळ्यांसमोर त्या बाईला वाचवायचं.

परीक्षेला मी एवढी घाबरत नव्हते. पण शुक्रवारी संध्याकाळपासून होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारांमधून मी पायऱ्या पाठ करत फिरायचे: आधी हाक मार, मग श्वास बघ, मग नाडी. पितांबर शेंगदाणे खायचा. लीलाधर हात धूत राहायचा, इतका की त्याच्या बोटांची सालं निघायची. एक मुलगी तर दर शनिवारी जेवायचीच नाही.

आणि तू पहिल्याच महिन्यात त्या खादीच्या बाईचं नाव ठेवलंस, झुंबरबाई. तिला सासू दिलीस, शेत दिलं, एक तापट नवरा दिला. एका शनिवारी माझी चिठ्ठी निघाली. मी पुढे झाले आणि पहिली पायरीच विसरले. तेवढ्यात तू पलंगाच्या उशाशी जाऊन बसलीस आणि झुंबरबाईच्या आवाजात म्हणालीस, "डाक्टर, तू जेवनी का नही? हात काबरं कापतस तुन्हा?"

आख्खा वॉर्ड हसला. सरसुद्धा. आणि माझे हात सुटले. मी खरंच त्या बाईशी बोलायला लागले, तिला घाबरू नको म्हणाले, आणि तिला सांगता सांगता माझंच भय उतरलं. त्यानंतर सरांनी नियमच केला, उशाशी बेबाने बसायचं, पेशंट बोललाच पाहिजे. पुढचं वर्षभर आम्ही सगळे झुंबरबाईच्या जिवावर शनिवार काढत होतो. लीलाधरची बोटं बरी झाली.

फक्त तुझी चिठ्ठी निघाली की उशाशी कुणी नसायचं. तुझ्यासारखा आवाज कुणाला येतच नव्हता. तू काहीतरी विनोद करून ती वेळ मारून न्यायचीस.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तू उशिरा आलीस. वाळली होतीस. "ताप होता," एवढंच म्हणालीस. त्या शनिवारी तुझी चिठ्ठी निघाली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. मला ते असं आठवतं: सरांनी ब्लॅडरची हवा सोडली, लाल पाणी सुरू झालं, सर म्हणाले, "बेबाबाई, पेशंट पांढरी पडतेय. काय करणार?" तू झुंबरबाईच्या पोटावर हात ठेवलास. सरांनी पुन्हा विचारलं. मग तू पायथ्याची चादर उचललीस, तिच्या गळ्यापर्यंत नीट पांघरली, कडा खोचल्यास आणि सरांकडे बघून म्हणालीस, "तिले थंडी वाजी ऱ्हायनी." आणि बाहेर गेलीस. मी खोलीवर पोचले तोवर तुझी ट्रंक नव्हती.

आबांनी सांगितल्यापासून ती चादर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी काही मागायला लिहीत नाही. तू बरी आहेस का, एवढंच कळव.

तुझी
कुमुद


रावेर
२० ऑगस्ट १९९७

प्रिय बेबा,

तुझं कार्ड मिळालं. "बरी आहे. पोरगी बालवाडीत जाते. जुनं उकरू नकोस." तिन्ही वाक्यं वाचली. तिसरं ऐकायला जड जातंय, कारण मला जुनंच फार आठवतं आणि ते बोलायला इथे कुणी नाही.

मी इथल्या ग्रामीण रुग्णालयात आहे. आई माझ्याजवळ क्वार्टरमध्ये असते. दिवसभर केळीच्या गाड्या भरत असतात, ट्रॅक्टरचा आवाज ऐकून आता मला कोणता भरलेला आणि कोणता रिकामा ते कळतं. पेशंट तावडी बोलतात. आपल्या होस्टेलवर तू माझ्या बोलण्याची नक्कल करायचीस, "काय करू ऱ्हायली वो माय," म्हणून. ती नक्कल तेव्हा बोचायची. आता कुणी करावी असं वाटतं.

पांझरेच्या काठी आपण भाकरीची शिदोरी सोडून बसायचो, आठवतं का? कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्च्या कांद्याची पात. शनिवारची तालीम संपली की तिथे जायचं हा आपला नेम. ज्याची चिठ्ठी निघाली असेल त्याला पहिला घास. कुणी चुकलं असेल तर त्याबद्दल बोलायचं नाही, हाही नेम. मला तेव्हा तो नियम मायेचा वाटायचा. आता वाटतं, बोलायलाच हवं होतं. आपण इतके जण दर आठवड्याला घाबरत होतो आणि कुणीच कुणाला 'मी घाबरले' असं सरळ म्हटलं नाही. तूसुद्धा नाही. तू आमच्या भीतीला बोलतं केलंस आणि तुझी स्वतःजवळ ठेवलीस.

मी इथे तसलाच एक पुतळा करून घेतलाय. सिस्टर आणि आया मिळून आम्ही दर शनिवारी ओपीडी संपल्यावर तालीम करतो. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या, मग भांडल्या, मग त्यांना गोडी लागली. तालीम झाली की चहा मागवायचा आणि प्रत्येकीने सांगायचं, आपल्याला नेमकं कुठे घाम फुटला. हे मात्र मी नवीन सुरू केलंय.

उकरत नाही. फक्त सांगते.

कुमुद


रावेर
९ ऑक्टोबर १९९७

बेबा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसले होते. ताट तसंच राहिलं.

तर आबांनाही अर्धंच माहीत आहे.

मला वाटत होतं तुझी वहिनी गेली तेव्हा तू कॉलेजात होतीस. तू तिच्याजवळ होतीस. घरी बाळंतपण झालं, वार पडली, मुलगी रडली, सगळे निवांत झाले आणि मग रक्त थांबेना. वनाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, तुम्ही तिला गादीवर घालून धुळ्याला निघालात आणि वाटभर तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. ती म्हणत होती, "माले थंडी वाजी ऱ्हायनी." तू तुझी शाल तिच्यावर घातलीस. सोनगीरच्या अलीकडे ती बोलायची थांबली.

तू लिहिलंस: "कुमुद, मला सगळं येत होतं. पोट कुठे चोळायचं, मूठ कशी दाबायची. आपण दर शनिवारी केलं होतं. वना माझ्याकडे बघत होता, की ही डॉक्टर आहे, ही काहीतरी करेल. मी शाल नीट करत बसले. धुळे येईपर्यंत शालच नीट करत बसले." आणि पुढे, "सगळे म्हणतात मी पोरीसाठी शिक्षण सोडलं. आबा गावभर सांगतात. मी ऐकून घेते. पोरगी माझी ढाल आहे. तिच्यामागे लपलेय मी."

तुझ्या हातात सलाइन नव्हतं, इंजेक्शन नव्हतं, रक्त नव्हतं, हे मी सांगू शकते. ते तुलाही माहीत आहे. पण हात होता, असं तू म्हणतेस, आणि तेही खरं आहे. तू हात चालवला असतास तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. नसतीच वाचली असंही म्हणणार नाही. कुणालाच ते कळणार नाही, आणि तुला त्याच्यासकट जगायचं आहे. मैत्रीण म्हणून मी खोटं बोलले तर तू ओळखशील.

माझं एक सांगते. गेल्या महिन्यात एक केळीच्या मळ्यातली बाई आली, तिसरं बाळंतपण. मूल झालं आणि पोट ढिलं पडलं, ब्लॅडर सोडल्यासारखं. मी खरंच पलंगाखाली नळी शोधली, बेबा. क्षणभर मला वाटलं सर कुठेतरी बसलेत आणि आता पंप मारतील. त्या बाईच्या चेहऱ्यावर घाम आला आणि माझं डोकं रिकामं झालं. मग माझ्या सिस्टरने तिच्या पोटावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "मॅडम, पोट मऊ लागतंय." शनिवारच्या तालमीत आम्ही तेच ठरवलंय, जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. तिचा आवाज ऐकला आणि माझे हात हलले. बाई वाचली. रक्त द्यायला जळगावला पाठवली, पण वाचली.

नंतर मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. ओपीडीतून हाक आली तरी उठले नाही. चांगली शिकलेली, पगारी डॉक्टर मी. माझ्या शेजारी बोलणारं कुणी होतं. ट्रॉलीत तुझ्याजवळ रडणारी माणसं होती, बोलणारं कुणी नव्हतं. आमच्या वेळी आमच्या उशाशी तू होतीस. तुझ्या उशाशी कधीच कुणी नव्हतं.

एखाद्या शनिवारी रावेरला ये. मुलीला घेऊन ये. इथे सर नाहीत, गुण नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. नुसती बस, चहा पी. हात लावावासा वाटला तर लाव.

कुमुद


रावेर
२२ डिसेंबर १९९७

प्रिय बेबा,

तुम्ही दोघी गेलात आणि क्वार्टर फार मोठं वाटायला लागलं. तुझ्या भाचीने, सुगंधाने, भिंतीवर कोळशाने काढलेला ट्रॅक्टर आईने पुसू दिला नाही.

त्या शनिवारचं तुला सांगते. तू म्हणशील, मी होतेच की तिथे. होतीस, पण तुला स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता.

तू अर्धा तास खुर्चीवर पदर गुंडाळून बसली होतीस. सिस्टर तालीम करत होत्या, तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस, खिडकीतून बाहेर केळीच्या गाडीकडे बघत होतीस. मी ठरवलं होतं की तुला बोलवायचं नाही. मग आमच्या सिस्टरचा हात चुकीच्या जागी पडला. वर पडला, बेंबीच्या फार वर. आणि तू खुर्चीवरून उठलीस. कुणी सांगितलं नाही. उठलीस, तिचा हात धरून खाली आणलास आणि म्हणालीस, "इथे. दाब." ती बाजूला झाली. तुझा हात तिथेच राहिला.

आता तुझं तोंड बंद पडणार हे मला दिसलं. मी पळत जाऊन पुतळ्याच्या उशाशी बसले. तुझी अहिराणी मला कुठली यायला. जसं आलं तसं बोलले, "डाक्टरीन बाई, माह्यं पोट लय दुखू ऱ्हायलं वो."

तू माझ्याकडे बघितलंस. "झुंबरबाई तावडीतली कधीपासून झाली?" म्हणालीस. सिस्टर हसल्या, मी हसले, आणि तू हसता हसता रडायला लागलीस, पण हात काढला नाहीस. रडत रडत तू सांगत होतीस, दुसरी शीर धरा, इंजेक्शन भरा, लघवीची पिशवी रिकामी करा, नवऱ्याला रक्ताला पाठवा. एकही पायरी चुकली नाही. चार वर्षं तू त्या पायऱ्या रोज म्हणत असणार, नाहीतर अशा राहत नाहीत.

पोट घट्ट झालं तरी तू दाबूनच होतीस. सुगंधा दाराशी येऊन तुला, तिच्या आत्याला, म्हणाली, "फुई, ती बाई मरी गई का?" मी घाबरले, की आता हिला काय सांगणार. तू म्हणालीस, "नही. ही कापसानी शे. आम्ही शिकी ऱ्हायनूत." आणि तिला उचलून घेऊन तिचा हात त्या पोटावर ठेवलास.

चहा पिताना आमच्याकडे सगळ्यांनी सांगायचं असतं, कुठे घाम फुटला. तुझी वेळ आली तेव्हा मी म्हणणार होते की राहू दे. तू सांगितलंस. ट्रॉली, शाल, सोनगीर, सगळं. ज्यांची नावंही तुला माहीत नव्हती अशा बायकांना सांगितलंस. आमच्या सर्वांत थोरल्या सिस्टर, सुंदरबाई, कधी कुणाशी गोड बोलत नाहीत. त्यांनी तुझ्या कपात त्यांचा अर्धा चहा ओतला.

आता दुसरं. रागावू नकोस. मी अभिमन सरांना लिहिलं. ते नागपूरकडे बदलून गेलेत. त्यांचं उत्तर आलंय. त्या शनिवारनंतर वॉर्डाला कुलूप लागलं ते आम्हाला परीक्षेमुळे वाटलं होतं; ते लिहितात की तू गेलीस म्हणून त्यांनीच लावलं होतं. मग पुढच्या बॅचला पुन्हा सुरू केलं तेव्हा चिठ्ठ्या बंद केल्या. आधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतात, घरी सगळं बरं आहे ना, आज या विषयाला हात घालू ना. "बेबाबाईला मी विचारलं नाही," असं लिहिलंय. आणि खाली लिहिलंय की तुझं नाव कॉलेजने काढलेलं नाही, तू दाखला नेला नाहीस म्हणून. फायनल तेवढी राहिलीय. विद्यापीठाकडून परवानगी आणावी लागेल, ते स्वतः शब्द टाकतील.

मी फक्त निरोप देते. ठरवायचं तू.

कुमुद


रावेर
१८ फेब्रुवारी १९९८

बेबा,

तुझी सगळी 'पण' वाचली. वय झालं. पोरं हसतील. अभ्यास विसरला. सुगंधाला कुणाकडे ठेवू.

पहिल्या तिन्हींना मी उत्तर देत नाही. पितांबरला विचार, त्याने फायनल किती वेळा दिली ते, तो शेंगदाणे खात सांगेल.

चौथं खरं आहे. वनाची दुसरी बायको चांगली आहे, असं तूच लिहितेस. सुगंधा तिच्याजवळ जेवते पण झोपायला तुझ्याकडेच येते. तिला सोडून जाणं तुला जमणार नाही, आणि जमवूही नकोस. मग घेऊन जा. देवपुरात पितांबरच्या दवाखान्यामागे एक खोली रिकामी आहे, शाळा गल्लीच्या तोंडाशी. त्याच्या बायकोशी मी बोलले, ती म्हणाली, आमच्या दोघांत आणखी दोघी.

पण एक गोष्ट तुलाच करायची आहे. आबांना आणि वनाला ट्रॉलीतलं खरं सांगायचं. तू लिहितेस, वना मला माफ करणार नाही. नसेल करत कदाचित. पण तोवर तू धुळ्याला गेलीस तरी लपूनच जाशील.

कुमुद


रावेर
६ मार्च १९९८

बेबा,

कार्ड पोचलं. ट्रॉलीतलं ऐकून वना उठून मळ्यात गेला आणि दोन दिवस मळ्यातच राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माले वाटे, मीच ट्रॅक्टर धीरे चालाडं." इतकी वर्षं तो तेच मनात घेऊन होता, रस्ता खराब म्हणून आपण ट्रॅक्टर हळू नेला, म्हणून ती गेली. एका घरात दोघे दोन भिंतींआड तेच घेऊन बसलेले.

खोलीची किल्ली पितांबरकडे आहे.

कुमुद


रावेर
२७ मे १९९९

प्रिय बेबा,

तुझ्या निकालावर मी इथे पेढे वाटले त्याला आता दोन महिने होत आले, आणि अजून सुंदरबाई मला विचारतात, "तुमच्या त्या रडक्या डॉक्टरीण बाई कुठे लागल्या?" इंटर्नशिपला आहेत म्हणून सांगते. त्यांना तुझा अभिमान आहे, दाखवत नाहीत.

काल तुझं पत्र आलं. मी पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटायला घाबरले. साक्रीकडून आलेली बाई, घरी बाळंतपण, जीपमधून आणलेली, पोचली तेव्हाच पांढरी. वरचे डॉक्टर येईपर्यंत तू आणि एक सिस्टर. तू लिहितेस की पोटावर हात ठेवला तेव्हा ट्रॉलीचा खडखडाट कानात आला. आणि तू मोठ्याने म्हणालीस, "पोट मऊ लागतंय." स्वतःलाच ऐकू यावं म्हणून म्हणालीस. मग हात चालला.

दुसरं पान मी आज सकाळी वाचलं. ती गेली.

तू सगळं केलंस. रक्तसुद्धा लावलं होतं. वरचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, तुझ्याकडून काही राहिलं नाही. तू शेवटपर्यंत तिच्याशी बोलत होतीस, तिच्या बोलीत. मग बाहेर जाऊन तिच्या सासूला तूच सांगितलंस, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाहीस. सासूने तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं. घरी येऊन सुगंधाची वेणी घातलीस, तिला जेवू घातलंस आणि मग पितांबरच्या बायकोजवळ बसून भरपूर रडलीस.

बेबा, या पत्राला उत्तर म्हणून मी सकाळपासून चार कागद फाडले. तुला धीर द्यावा असं वाटत होतं. आपण इतक्या तालमी केल्या, पण वाचवायच्या केल्या. पेशंट गेल्यावर काय करायचं त्याची तालीम कुणीच घेतली नाही, सरांनीही नाही, मीही इथे घेत नाही. तुझं पत्र वाचताना मला कळलं की ती तू एकटीने करून बसलीस.

मी रविवारी पहिल्या गाडीने येते. त्या बाईबद्दल बोलावंसं वाटलं तर बोलू, नाहीतर सुगंधाला घेऊन एकवीरेच्या देवळाच्या बाजूला नदीवर जाऊ. स्वयंपाक करू नकोस. आईने शेंगोळे करून द्यायचं कबूल केलंय.

धीर देणारं पत्र काही जमलं नाही. जमेना तेव्हा मी तुझं पत्र पुन्हा काढून शेवटची ओळ वाचली. सहीच्या वर, घाईत, तिरकी लिहिलीयस: "आज पुन्हा लेबर रूमला ड्यूटी आहे, निघते."

ती ओळ मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. मग पदर खोचला आणि ओपीडीत गेले. तिथे रांग लागली होती.

तुझी
कुमुद